माशांचाही सोमवार

मासे आजारी पडल्याचा फोन आला की पलीकडचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय. "काकू, परवाच तर टाकी लख्ख धुतली होती." मग जरा थांबून दुसरं, "आणि खायला तर अगदी वेळच्या वेळी घालतो हो." दोन्ही वाक्यांत तक्रारीचा सूर असतो. करायचं ते सगळं केलं, तरी मासे उताणे झाले. म्हणजे मासेच नाजूक, नाहीतर दुकानदार लबाड.

नेरूळला आमच्या सोसायटीत आणि आसपासच्या इमारतींत मला 'मासेवाल्या काकू' म्हणतात. या नावामुळे गेटवर नव्याने आलेल्या वॉचमनने एकदा मला पापलेटचा भाव विचारला होता. मी पापलेट खातेही, लपवायचं काय त्यात. घरात मासे पाळायचे आणि रविवारी सुरमई तळायची, यात लोकांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. पण ते असो. इतक्या घरांतल्या टाक्या बघून माझं एक मत झालंय. आपल्या मराठी घरात माया दाखवायच्या दोनच पद्धती आहेत, पोटभर वाढणं आणि घर चकचकीत ठेवणं. आणि पाळलेले मासे बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकाने मरतात.

दिवाळीच्या आधीचा आठवडा माशांसाठी वर्षातला सगळ्यात वाईट. पंखे पुसून झालेले असतात, माळा आवरून झालेला असतो, आणि मग कुणाची तरी नजर कोपऱ्यातल्या टाकीवर पडते. मासे बादलीत जातात. पाणी सगळं मोरीत. खडी चाळणीत घेऊन नळाखाली, काही घरांत तर चक्क कपड्यांच्या पावडरीत. फिल्टरचा स्पंज पिळून पिळून, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतलेला. मग नळाचं ताजं पाणी, त्यात मासे, आणि फोटो फॅमिली ग्रुपवर. फोन येतो तो तीन-चार दिवसांनी. भाऊबीजेला मला ओवाळायला भाऊ येतो आणि टाकी दाखवायला शेजारी.

झालेलं काय असतं, तर मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. नदीत, खाडीत तो कुठल्या कुठे विरून जातो. दोन फुटी टाकीतल्या पन्नासेक लिटर पाण्यात मात्र त्याला जायला जागा नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि मासे मरतील इतका झाला तरी नाकाला कळत नाही. त्याला खाणारे जिवाणू स्पंजच्या भोकांत, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात चिकटून राहतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे, ज्यांत नायट्रोस्पायरा हा मुख्य, नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. ही सगळी वसाहत नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मोरीत वाहून जायला दहा मिनिटं. जिला आपण कळकट घाण म्हणतो ती तपकिरी साय म्हणजेच माशांचं सांडपाणी केंद्र. म्हणून कुणी नवी टाकी लावत असेल तर मी माझ्या जुन्या फिल्टरचा स्पंज त्यांच्या पाण्यात पिळून येते. दही लावायला शेजारून विरजण आणतो, तसंच. समोरच्या माणसाचा चेहरा मात्र बघण्यासारखा होतो, कारण नवीकोरी टाकी क्षणात गढूळ होते.

नायट्राइटबद्दल सांगायचं तर बाजारात जावं लागेल. सारसोळे, करावे, दिवाळे ही इथली मूळ गावं, आणि आगरी-कोळी बायकांकडून मासे घेताना कुणालाही शिकवावं लागत नाही. त्या स्वतःच कल्ल्याचं झाकण उचलून दाखवतात, लालभडक बघा म्हणून. कल्ला लाल म्हणजे मासा ताजा. घरच्या टाकीत जिवंत माशाचा कल्ला कधीकधी तपकिरी पडलेला दिसतो. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनच बिघडवतं, मग रक्त प्राणवायू वाहून नेत नाही आणि त्याचा रंग चॉकलेटी होतो. पाण्यात हवा भरपूर, पंप बुडबुडे सोडतोय, तरी मासा वर येऊन धापा टाकतोय, असं दिसलं की मी आधी कल्ल्यांकडे बघते. अशा वेळी थोडं पाणी बदलायचं आणि चिमूटभर साधं मीठ घालायचं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला अडवतं. घरगुती उपायांपैकी ज्यामागे खरोखर रसायनशास्त्र उभं आहे, असा हा एक.

आणि गंमत अशी की धुतलेल्या टाकीत दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं. मुक्त फिरणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंना मोकळं रान मिळालेलं असतं, ते आपोआप ओसरतात. पण दुधाळ पाणी बघवत नाही, म्हणून टाकी पुन्हा धुतली जाते. मग पुन्हा दुधाळ. या फेऱ्यात सापडलेली एक टाकी मी पाहिली आहे. त्या घरातल्या ताई इतक्या कष्टाळू होत्या की त्यांना थांबा म्हणणं मला जड गेलं.

नळाच्या पाण्याचाही दोष नाही, ते आपल्यासाठी केलेलं असतं. नवी मुंबईला मोरब्याचं पाणी येतं, खालापूरजवळच्या धावरी नदीवरच्या धरणाचं. महापालिकेच्या मालकीचं धरण असल्याचं कौतुक इथले लोक करतात आणि ते योग्यच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, म्हणजे वाटेत जंतू धरणार नाहीत. आपल्या पोटाला तो चालतो. कल्ल्यांची कातडी मात्र एकपदरी, तिला तो भाजतो, आणि स्पंजवरच्या वसाहतीलाही. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब. दुकानात ते 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळतात. सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडर घालून धुतात तेव्हा मी आठवडाभर पाणी बदलतच नाही. टाकी धुण्याची नोटीस लागली की सेक्रेटरी आता मला वेगळा मेसेज करतात. एवढा मान मला या सोसायटीत दुसऱ्या कुठल्याही कारणाने मिळालेला नाही.

तर मग स्वच्छता करायची तरी किती? आठवड्याला पाव टाकी पाणी सायफनच्या नळीने तळाशी नेऊन काढायचं, म्हणजे खडीतली विष्ठा आणि उरलेलं खाणं ओढलं जातं. स्पंज महिन्याकाठी, त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. नळाखाली नाही. बस्स. सगळं पाणी कधीच काढायचं नाही.

शेवाळाचा प्रश्न आमच्या घरात वेगळ्या पातळीवर सुटला. सासूबाईंना टाकीत हिरवं दिसलं की चैन पडत नसे. "हे काय गं, चार माणसं येतात घरी." मी नायट्रेट, उजेड वगैरे सांगून पाहिलं. शेवटी तह झाला. समोरची काच त्यांची, ती आरशासारखी राहणार. मागची आणि बाजूच्या दोन माझ्या, तिथे शेवाळाने खुशाल नांदावं. मॉली जातीचे माझे मासे दिवसभर त्या मागच्या काचेला चोची मारत असतात आणि त्यांची पोटं व्यवस्थित राहतात. काढलेल्या पाण्याबद्दलही एक कलम आहे. ते नायट्रेटचं पाणी म्हणजे झाडांना फुकटचं खत. पण माशांचं पाणी तुळशीला घालायचं नाही, हे आईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. जास्वंदीला आणि कढीपत्त्याला चालतं. आमच्या बाल्कनीतला कढीपत्ता बघून लोक कलम मागतात. त्याचं श्रेय आई त्यांच्या हाताला देतात, आणि मी वाद घालत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जे लोक काचेवरचं शेवाळ ब्रशने खरवडतात, तेच हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन सीवूड्सच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो बघायला जातात. ते हजारो पक्षी इथे कशासाठी येतात? ठाणे खाडीच्या चिखलातल्या सूक्ष्म शेवाळासाठी. २०१५ मध्ये ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तो चिखल कुणी दिवाळीआधी धुवायला काढला असता तर एकही गुलाबी पंख दिसला नसता.

घरात मासे ठेवायचं शास्त्र ज्यांनी पहिल्यांदा बसवलं त्यांच्यातही रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा लंडनचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने टाकीत दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पानं कुजून पाणी बिघडायला लागलं तेव्हा त्याने टाकी धुतली नाही, तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि टाकी सावरली. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. जिवाणूंचं गणित त्याला ठाऊक नव्हतं, तरी घाणीला काम लावायचं त्याला सुचलं. आज आपल्याकडे गोगलगाय दिसली की दुकानात गोळी मागतात.

आता खाण्याकडे वळू. हा विषय जास्त नाजूक, कारण यात आजोबा असतात.

घरात पाच माणसं असतील तर पाचही जण मासे जेवू घालतात. सकाळी आजोबा चहा घेता घेता, शाळेतून आल्यावर नातू, संध्याकाळी दिवा लावताना आजी, रात्री कामावरून आलेला मुलगा शीण घालवायला. प्रत्येकाला वाटतं, आपण चिमूटभरच तर घातलं. शिवाय मासे लबाड. माणूस समोर आला की काचेला येऊन अशी तोंडं उघडझाप करतात, जणू या घरात त्यांना कालपासून काही मिळालेलं नाही. आपल्या लोकांना तेवढं पुरे. गोल्डफिशला तर जठरच नसतं. अन्न सरळ आतड्यात. त्यामुळे पोट भरलंय अशी भावना त्याच्या वाट्याला कितपत येत असेल, कोण जाणे. खाल्लेलं निम्मं पाण्यात, न खाल्लेलं खडीत, आणि दोन्हींचा शेवटी अमोनियाच. शिवाय दाणे संपले की पोळीचा चुरा, भाताची शितं, बिस्किट. तळ्यावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. ठाण्याला मासुंद्याच्या काठावर बसून मीही लहानपणी कुरमुरे टाकलेत. तळं ते पचवतं, निदान तेव्हा पचवत होतं. दोन फुटी टाकीत पुण्य इतकं साचलं तर माशांची खैर नाही.

दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. मोठ्या, धडधाकट माशाला आठवडाभर काही मिळालं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. आणि आठवड्यातून एक दिवस लंघन. हे मी आमच्या घरात नाना तऱ्हांनी समजावलं. उपाशी ठेवणं, या शब्दालाच आईंची हरकत. "मुक्या जिवाला उपाशी ठेवून आपण जेवायचं?" मग एके दिवशी मी म्हटलं, आई, तुमचा सोमवार असतो, त्यांचाही सोमवार करू या. हे त्यांना लगेच पटलं. आता सोमवारी कुणीही टाकीपाशी डबा घेऊन गेला की आतून आवाज येतो, "आज उपास आहे त्यांचा." नातवाने एकदा साबुदाणा चालेल का विचारलं, नाही म्हणाल्या, निरंकार. टाकीच्या तब्येतीत त्या सोमवाराने जो फरक पडला तो मी आणलेल्या कुठल्याही बाटलीने पडला नसता. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देते ती झाडांसाठी. माशांचा डबा कपाटात कुलपात ठेवते.

गोल भांड्यातल्या गोल्डफिशबद्दल मी शक्यतो बोलत नाही, आवाज चढतो. वाढदिवसाला परतभेट म्हणून पोरांच्या हातात दोन मासे आणि एक लिटरचं भांडं देतात. हा कार्पच्या कुळातला मासा, चांगला ठेवला तर वीतभर वाढणारा आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगणारा. भांड्यात तो आठवडा काढतो. वास्तूसाठी ठेवलेल्यांचं आणखी निराळं. आठ सोनेरी आणि एक काळा, ईशान्येला. त्यातला एखादा मेला की घरातली वडीलधारी म्हणतात, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. मी हे इतक्या घरांत ऐकलंय, आणि दर वेळी मनात येतं की या एका समजुतीने किती अमोनिया निर्दोष सुटलाय.

आजारांमध्ये पांढरे ठिपके सगळ्यांच्या ओळखीचे, अंगावर रवा भुरभुरल्यागत. नवा मासा दुकानातून आणून थेट टाकीत सोडला की हे पाहुणे येतात, म्हणून नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात. ठिपका म्हणजे कातडीखाली जेवत बसलेला एकपेशीय परजीवी, इक. तिथे त्याला औषध पोचत नाही. तो पोट भरून गळतो, तळाशी कोष करतो, त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि दोनेक दिवसांत त्यांना मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. लोक निळे थेंब घालतात, ठिपके गळले की खूश होऊन बंद करतात, आणि आठवड्याने दुप्पट ठिपके. ठिपके गेल्यावरच खरं औषध सुरू असायला हवं. डिसेंबर-जानेवारीत, रात्री गार आणि दुपारी उकाडा असं सुरू झालं की हा रोग उचल खातो. छोट्या टाकीला तेवढ्यापुरता हीटर लावलेला बरा.

मे महिन्यात उलटं. पाणी २५ अंशांवर असताना लिटरमध्ये आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच, आणि माशांना मात्र उकाड्यात जास्त लागतो. त्यात दुपारी वीज गेली की पंप बंद. अशा वेळी एक मग घ्यावा, पाणी उचलावं, हातभर उंचीवरून परत ओतावं, आणि हे करत राहावं. फायटर आणि गुरामी वर येऊन थेट हवा घेऊ शकतात, त्यांची काळजी कमी. एक सांगते, वीज चार-पाच तासांनी आली तर बंद फिल्टर तसाच सुरू करू नका. आत कोंडलेलं पाणी कुजलेलं असतं, ते आधी ओतून टाका.

राहिला सकर. स्वच्छतेचं आपलं वेड दुकानदारांनी बरोबर ओळखलंय, म्हणून ते बोटभर काळा मासा 'टाकी साफ करणारा' म्हणून विकतात. प्रत्येक टाकीत एक असतोच. तो थोडं शेवाळ खातो, खरं आहे, आणि खातो त्याच्या मानाने भरपूर घाण करतो. आणि वाढतो. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा मासा हातभर होतो. दोन फुटी टाकीत तो वळूही शकत नाही, रात्री झाडं उपटतो, काचेवर आपटतो. मग घरात बैठक बसते आणि ठरतं की त्याला जीवदान द्यायचं. पिशवीत घालून तलावावर नेतात, हात जोडून सोडतात. तलावात तो मरत नाही, हीच अडचण. पाण्यात प्राणवायू नसला तर वरून हवा गिळून जगतो, काठाला बिळं करून काठ खचवतो, अंगावरचं चिलखत असं की त्याला गिळायला कुणी धजत नाही. उजनीच्या धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो अडकतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कवडीचा भाव नाही. ठाण्याला तलावांचं शहर म्हणायचं आणि त्या तलावांत आपल्या दिवाणखान्यातले नकोसे झालेले मासे ओतायचे, हे मला पटत नाही. नेरूळ-बेलापूरच्या तळ्यांचंही तेच.

दुकानदार मोठा सकर परत घेतात, निदान काही घेतात. आधी फोन करून विचारावं. नाही घेतला तर मला कळवा. सध्या आमच्या बाल्कनीतल्या निळ्या पिंपात एक आहे, सहाव्या मजल्यावरून आलेला, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. काकडीची फोड आवडीने खातो, सोमवार पाळतो. चार फुटी टाकी ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनीच विचारावं. नवी घेईन म्हणणाऱ्यांना मी देणार नाही, त्यांना आधी सहा आठवडे रिकामी टाकी चालवून दाखवावी लागेल.